नाक वळते, ड्रोन वळत नाही: स्टिकवर हात बसवताना

उजवीकडे वळायचे म्हणून डावी स्टिक उजवीकडे सारली, ड्रोनचे नाक वळले, पण ड्रोन आधीच्याच दिशेने कडेकडेने सरकत बांधावरच्या बाभळीत गेला. नवशिक्याचा ड्रोन पडतो तो बहुधा असा. यंत्र ठीक असते, बॅटरी ठीक असते. नाक वळवणे आणि वाट वळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोटांना अजून कळलेले नसते.

जमिनीवरच्या वाहनाला चाकांची पकड असते. हँडल वळले की चाक मातीला धरून गाडी वळवते. पहिल्या पावसानंतर काळ्या रानातल्या चिखलात हीच मोटारसायकल हँडल वळवूनही सरळ घसरत जाते, कारण पकड सुटलेली असते. ड्रोन कायम त्याच स्थितीत उडतो. त्याला धरून ठेवणारे खाली काही नाही. जुन्या दिशेची गती मोडून नव्या दिशेची गती द्यायची तर त्याला वळणाच्या आतल्या बाजूला कलवावेच लागते. नाक फिरवून फक्त तोंड बदलते.

सुरुवातीला हे लक्षात येत नाही, कारण जीपीएस चालू असताना ड्रोन स्वतःच ब्रेक मारतो. तुम्ही स्टिक सोडली की तो जागच्या जागी थांबतो, वारा आला तरी जागा सोडत नाही. शिकणाऱ्याला वाटते आपला हात बसला. मग एखाद्या दिवशी विहिरीच्या लोखंडी जाळीजवळून, पत्र्याच्या शेडपासून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उड्डाण घेतले, आतला कंपास चुकला आणि ड्रोन गरगर गोल फिरत मोठमोठे वेढे घेऊ लागला की सगळी भिस्त बोटांवर येते. त्या वेळी मोड बदलून हाताने उडवता आले तरच तो परत येतो.

सोलापूर जिल्ह्यात हे आता महत्त्वाचे झाले आहे, कारण ड्रोन लग्नाच्या चित्रीकरणातून शेतात आला आहे. ऊस, तूर, डाळिंब, द्राक्ष यांच्यावर फवारणी करणारे ड्रोन गावोगाव दिसू लागले. महिला बचतगटांसाठीच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यात १५ दिवसांचे प्रशिक्षण आहे: ५ दिवस ड्रोन चालवण्याचे आणि १० दिवस शेतीतल्या वापराचे. प्रशिक्षण चांगले आहे, पण ५ दिवसांत एकेका व्यक्तीच्या हाती स्टिक किती वेळ येणार? खरा सराव गावी परतल्यावर करावा लागतो. तो कसा करावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी हात. आपल्याकडचे बहुतेक रिमोट ‘मोड २’ पद्धतीचे असतात. डावी स्टिक वर-खाली केली की थ्रॉटल, म्हणजे ड्रोन चढतो-उतरतो. तीच डावी-उजवीकडे केली की यॉ, म्हणजे जागेवर नाक फिरते. उजवी स्टिक पुढे-मागे म्हणजे पिच, ड्रोन पुढे झुकून पुढे जातो किंवा मागे झुकून मागे. उजवी स्टिक बाजूला म्हणजे रोल, ड्रोन कुशीवर कलून बाजूला सरकतो. काही जुन्या रिमोटवर ‘मोड १’ असतो, त्यात थ्रॉटल उजव्या हाताला येते. दुसऱ्याचा रिमोट हातात घेतला की मोटर सुरू करण्याआधी मोड विचारा. भल्याभल्या हातांना ही अदलाबदल फसवते.

स्टिक धरायच्या दोन पद्धती आहेत. एक, नुसता अंगठा वर टेकवायचा. दुसरी, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत टोक धरायचे आणि रिमोट गळ्यातल्या पट्ट्यावर टांगायचा. अंगठ्याने सुरुवात सोपी वाटते. माझा कल चिमटीकडे आहे. अंगठा वर-खाली नीट हलतो, पण तिरका ढकलताना अडखळतो, आणि वळणात दोन्ही स्टिक तिरक्याच हलवाव्या लागतात. चिमटीत दोन बोटे एकमेकांना आवरतात, त्यामुळे स्टिक नेमकी हवी तेवढीच हलते. घामट हातांनी तर चिमटीच बरी. कुठलीही पद्धत घ्या, पण मध्येच बदलू नका.

स्टिक किती हलवायची? नवा माणूस हवी त्याच्या तिप्पट हलवतो, मग घाबरून उलट तेवढीच हलवतो, आणि ड्रोन झोके घेऊ लागतो. स्टिक टोकापर्यंत नेण्याची वेळ सरावात येतच नाही. मधल्या जागेभोवतीच्या लहानशा वर्तुळात सगळे काम होते. रिमोटच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्पो’ असतो. तो वाढवला की मध्याजवळची हालचाल सौम्य होते आणि कडेला पूर्ण जोर मिळतो. सुरुवातीला तो वाढवून ठेवा. आणखी एक सवय लावा: स्टिक दाबली की तशीच धरून ठेवू नका. थोडी द्या, ड्रोन काय करतो ते पाहा, परत मध्यावर या, गरज असेल तर पुन्हा थोडी द्या.

महागडा ड्रोन काढण्याआधी दोन स्वस्त वाटा आहेत. एक म्हणजे संगणकावरचा सिम्युलेटर. ‘लिफ्टऑफ’ किंवा ‘वेलोसिड्रोन’ला खरा रिमोट केबलने जोडता येतो, आणि तिथे ड्रोन शंभर वेळा आपटला तरी पाते मोडत नाही. दुसरी वाट म्हणजे २५० ग्रॅमच्या आतला, जीपीएस नसलेला छोटा ड्रोन. मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये तो हाताने एका जागी धरून ठेवता आला, तर मोठा ड्रोन तुम्हाला सोपा वाटेल. मी दुसऱ्या वाटेला जास्त मानतो, कारण पडद्यावर खोली नीट कळत नाही. ड्रोन आपल्यापासून किती दूर आहे आणि कोणत्या बाजूला कलला आहे, हे डोळ्यांना खऱ्या हवेतच शिकावे लागते.

मैदानावरचा पहिला धडा म्हणजे नुसते थांबणे. ड्रोनची शेपूट आपल्याकडे, नाक समोर, उंची दोन-तीन मीटर. जमिनीच्या अगदी जवळ सराव करू नका. पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटते आणि ड्रोन वेडावाकडा तरंगतो. या उंचीवर एक बॅटरी नुसती जागा धरून ठेवण्यात घालवा. कंटाळवाणे आहे, तरी घालवा. मग ड्रोनची डावी कूस आपल्याकडे करून तेच करा, नंतर उजवी कूस, आणि शेवटी नाक आपल्याकडे.

नाक आपल्याकडे असताना सगळे उलटे होते. ड्रोनचा उजवा तुमचा डावा. इथे डोक्यात हिशेब करत बसलात तर हात मागे पडतो. जुन्या मॉडेल विमानवाल्यांची एक युक्ती इथे चालते: ड्रोन समोरून तुमच्याकडे तोंड करून असताना ज्या बाजूला खाली झुकेल, त्याच बाजूला उजवी स्टिक सारा, जणू त्या झुकलेल्या बाजूला खालून टेकू देता आहात. तो सरळ होतो. हे हातात मुरले की उजवे-डावे आठवावे लागत नाही.

आता वळणे. पहिले वळण थांबून घ्यायचे: पुढे जा, उलट पिच देऊन पूर्ण थांबा, नाक ९० अंश फिरवा, मग पुढे निघा. असा चौकोन काढा, कोपऱ्यांवर चार विटा किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवून. उंची बदलता कामा नये. चौकोन दोन्ही बाजूंनी जमला की थांबणे कमी करत न्या आणि कोपरे गोल होऊ द्या.

गोल कोपऱ्यात खरी कसोटी लागते, कारण तिथे तीन गोष्टी एकाच वेळी चालतात. उजवीकडे वळायचे असेल तर उजव्या स्टिकने थोडा उजवा रोल द्या. ड्रोन कलला आणि आत सरकू लागला की त्याच लयीत डाव्या स्टिकने उजवा यॉ द्या, म्हणजे नाक वाटेच्या दिशेने फिरत राहील. आणि थ्रॉटल थोडे वाढवा. हे थ्रॉटल लोक विसरतात. ड्रोन कलला की पात्यांचा जोर सरळ वर न राहता तिरका होतो आणि वजन पेलायला उरलेला भाग कमी पडतो. ३० अंश कलला तर उंची टिकवायला सुमारे १५ टक्के जास्त जोर लागतो, ४५ अंशांवर सुमारे ४१ टक्के. उंची आपोआप धरणारा ड्रोन हे स्वतः करतो, हाताच्या मोडमध्ये तुम्हाला करावे लागते. वळण संपवताना उलट क्रम: आधी रोल काढून ड्रोन सपाट करा, त्याबरोबर यॉ सोडा, वाढवलेले थ्रॉटल परत घ्या.

चूक ओळखायला ड्रोनची शेपूट पाहा. रोल कमी आणि यॉ जास्त झाला तर शेपूट वळणाबाहेर फेकल्यासारखी दिसते आणि ड्रोन कुशीवरून घसरतो. रोल जास्त आणि यॉ कमी झाला तर नाक जुन्याच दिशेला राहून ड्रोन खेकड्यासारखा आत सरकतो. दोन्ही जुळले की नाक, शेपूट आणि वाट एका रेषेत येतात. तो क्षण पाहताना फार आनंद होतो.

यॉ हळू का लागतो, हेही सांगायला हवे. चार पात्यांपैकी दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दोन उलट. नाक फिरवण्यासाठी एका जोडीचा वेग वाढवून दुसऱ्या जोडीचा कमी केला जातो, आणि त्यांच्या फिरण्याच्या प्रतिक्रियेने ड्रोनचा सांगाडा वळतो. ही प्रतिक्रिया मुळात दुबळी असते. रोल आणि पिच मात्र थेट पात्यांच्या जोरावर चालतात, म्हणून चटकन लागतात. मोठ्या फवारणी ड्रोनमध्ये हा फरक अधिकच जाणवतो. त्यामुळे संकटात यॉने सुटायचा प्रयत्न करू नका, रोल किंवा पिचने बाजूला व्हा.

वळणाला जागा किती लागेल, याचा अंदाज वेगावरून बांधायचा. १५ अंश कलवून सेकंदाला ५ मीटर वेगाने वळलात तर वळणाची त्रिज्या साधारण साडेनऊ मीटर येते. तेवढाच कल ठेवून वेग १० मीटर केला तर ती ३८ मीटर होते. वेग दुप्पट, घेर चौपट. शेताच्या कडेला विजेची तार असेल तर हा हिशेब वळणाआधी व्हायला हवा.

चौकोनानंतर वर्तुळ, मग इंग्रजी आठचा आकडा. आठाच्या मध्यावर, जिथे डावे वळण संपून उजवे सुरू होते, तिथे क्षणभर ड्रोन पूर्ण सपाट झाला पाहिजे. घाईत तो क्षण चुकतो आणि एक पाळे मोठे, दुसरे लहान होते. यानंतर एखाद्या खांबाभोवती नाक सतत खांबाकडे ठेवून फिरण्याचा सराव करा. इथे रोल आणि यॉ उलट दिशांना जातात: ड्रोन उजवीकडे सरकतो तेव्हा नाक डावीकडे फिरत राहते. चित्रीकरण करणाऱ्यांना हे रोज लागते, शेतकऱ्याला क्वचित. तरी शिकून ठेवा, बोटे एकमेकांपासून मोकळी होतात.

वारा आला की वर्तुळाचे अंडे होते. हाताच्या मोडमध्ये कल कायम ठेवला तर हवेच्या तुलनेतला वेग कायम राहतो, जमिनीवरचा राहत नाही. हवेतला वेग सेकंदाला ८ मीटर आणि वारा ४ मीटर असेल, तर वाऱ्याबरोबर जाताना ड्रोन १२ मीटरने पळतो आणि वाऱ्याविरुद्ध ४ मीटरने रांगतो. स्टिक तीच, फरक तिप्पट. म्हणून वाऱ्याबरोबर जाताना वळण लवकर सुरू करायचे आणि कल वाढवायचा, वाऱ्याविरुद्ध उशिरा आणि कमी. सोलापूरच्या उघड्या माळावर जून-जुलैत पश्चिमेचा वारा जोरात वाहतो, अडवायला झाड नसते. शिकणाऱ्याने त्या दिवसांत सकाळचा शांत वेळ धरावा. आणि सराव नेहमी ड्रोन वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवून करावा, म्हणजे काही बिघडले तर तो आपल्या दिशेने परत ढकलला जाईल.

जागेसाठी रब्बी निघून गेल्यावरचे रान उत्तम. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या सपाट काळ्या रानासारखी जागा शोधून सापडणार नाही. फक्त धसकटांवर उतरू नका, पाती तिथेच तुटतात. ताडपत्री किंवा गोणपाट अंथरून चार कोपऱ्यांवर ढेकळे ठेवा. धूळही मोटरमध्ये कमी जाते.

शेतातल्या फवारणी ड्रोनचे वागणे निराळे असते. १० लिटरची टाकी भरलेला ड्रोन साधारण २५ किलोच्या आसपास जातो, म्हणजे त्यातले १० किलो नुसते पाणी. स्टिकला झटका दिला की पाणी टाकीत हिसळते. तुम्ही थांबवलेला ड्रोन ते पाणी पुन्हा पुढे ढकलते, तुम्ही उलट स्टिक देता, तोवर पाणी मागे आलेले असते. झोके वाढत जातात. उपाय एकच: भरल्या टाकीने स्टिक हळू द्या, हळू काढा, आणि झोका आलाच तर त्याच्यामागे न धावता स्टिक मध्यावर आणून एक-दोन हेलकावे जाऊ द्या. टाकी रिकामी होत जाते तसा तोच ड्रोन चपळ होतो. पहिल्या पट्ट्याला बसलेला हात शेवटच्या पट्ट्याला जास्तीचा पडतो. म्हणून सरावही आधी रिकाम्या, मग अर्ध्या, मग भरलेल्या टाकीने करा, साध्या पाण्यावर.

पट्टा संपल्यावर बांधाजवळ वळायचे कसे? नाक फिरवून परत येणे देखणे दिसते. पण दोनशे मीटर लांब, उसाच्या तुऱ्यांमागे असलेल्या ड्रोनचे नाक कोणते आणि शेपूट कोणती हे दिसत नाही. नवशिक्याने तिथे नाक फिरवूच नये. फवारा बंद करा, पूर्ण थांबा, नुसत्या रोलने एक पट्टा बाजूला सरका आणि उलट पिच देऊन मागे या. शेपूट कायम तुमच्याकडे राहते, उजवे-डावे उलटत नाही. यात एक तोटा आहे: अडथळा ओळखणारे सेन्सर अनेक ड्रोनमध्ये पुढच्या बाजूला असतात, त्यामुळे मागे येताना ड्रोन आंधळा असतो. रान आधी पायी फिरून पाहिलेले असेल तरच हा मार्ग घ्या. पलीकडच्या बांधावर एक माणूस फोन घेऊन उभा करा.

तारांबद्दल खास सांगतो. शेतीपंपाच्या विजेच्या तारा आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असे धरा. पट्टे तारेला समांतर आखा, तारेकडे तोंड करून कधीही नको. मग चुकून वळण लांबले तरी ड्रोन तारेत जाणार नाही. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा आणि ताणाचे गज यांनाही हेच लागू.

सोलापूरचा उन्हाळाही शिकवतो. ४२ अंशांची हवा विरळ असते, त्यामुळे तोच ड्रोन तेच वजन पेलायला जास्त जोर लावतो आणि वळणात काढायला राखीव जोर कमी उरतो. मे महिन्यात दुपारी भरल्या टाकीने तीव्र वळण घेऊ नका. लिथियम-पॉलिमर बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नका, ४५ अंशांपुढे तर नाहीच, आणि उन्हातल्या गाडीत ती ठेवून जाऊ नका. उतरताना आणखी एक धोका असतो. सरळ खाली वेगाने आणलात तर ड्रोन स्वतःच्याच ढकललेल्या हवेत सापडतो, डळमळतो आणि थ्रॉटल वाढवूनही खाली जात राहतो. अशा वेळी पिच देऊन पुढे सरका, स्वच्छ हवेत आला की तो सावरतो. म्हणून खाली येताना थोडे पुढे सरकत तिरके यावे.

कुठे उडवायचे, याला कायद्याची चौकट आहे. ‘ड्रोन नियम, २०२१’ त्या वर्षी २५ ऑगस्टला लागू झाले. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, त्याहून जवळ आधी परवानगी लागते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली, आणि १२ किलोमीटरच्या वर्तुळात जवळजवळ सगळे सोलापूर शहर येते. याच विमानतळाच्या मार्गात येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, हे सोलापूरकर विसरलेले नाहीत. उड्डाणाआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा या क्षेत्रांचा नकाशा पाहा. नान्नजचे माळढोक अभयारण्य, भुईकोट किल्ला, यात्रेच्या काळातले पंढरपूर किंवा गड्डा यात्रेची गर्दी, इथे संबंधित खात्याच्या वा पोलिसांच्या परवानगीशिवाय ड्रोन काढू नका. २ किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. फवारणीच्या ड्रोनला लागते: वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात अशा प्रशिक्षणाची सोय आहे.

शेवटी, दिशा हरवली तर काय करायचे. हे प्रत्येकाच्या वाट्याला येते: ड्रोन दूर ठिपक्याएवढा झाला आणि नाक कुठे आहे कळेना. घाईने दोन्ही स्टिक हलवू नका. उजवी स्टिक सोडा. थ्रॉटल देऊन झाडे-तारांच्या वर या. मग उजवी स्टिक थोडी पुढे द्या आणि पाहा. ठिपका लहान होत गेला तर नाक पलीकडे आहे, स्टिक मागे ओढून आणा. मोठा होत गेला तर नाक तुमच्याकडे आहे, तसेच येऊ द्या. आडवा उजवीकडे गेला तर नाक उजवीकडे आहे, उजवा यॉ देऊन ते आपल्याकडे वळवा. आडवा डावीकडे गेला तर डावा यॉ द्या. वळताना शेपूट आपल्याकडे येणार की नाक, हे ठरवून मगच यॉ द्या, आणि यॉ देताना उजवी स्टिक मध्यावर ठेवा. घरी परत आणणारे बटण वापरायचे असेल तर त्याची उंची उड्डाणाआधीच जवळच्या खांबापेक्षा आणि झाडापेक्षा जास्त लावलेली असू द्या. कंपास बिघडून ड्रोन वेढे घेत असेल तर त्या बटणावर विसंबू नका, मोड बदला आणि हाताने आणा. बॅटरीचा ३० टक्के भाग या कामासाठी नेहमी शिल्लक ठेवा.